बेळगावात पर्यावरणासाठी संस्था काढताना: आधी काय, मग काय

गल्लीजवळचा तलाव गाळाने भरतो, नाल्याचं पाणी शेतात शिरतं, कचऱ्याची गाडी तीन-तीन दिवस फिरकत नाही. मग चार जण एकत्र येतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होतो, नाव ठरतं, लोगो होतो, लेटरहेड छापून येतं, अध्यक्ष-उपाध्यक्ष ठरतात, कुणाच्या तरी हस्ते एक झाड लागतं आणि पेपरात फोटो येतो. नोंदणीची आठवण त्यानंतर. तिथे अर्ज परत येतो, कारण संस्थेची घटना (उद्देश आणि नियमांचा कागद) कोल्हापूरच्या कुठल्याशा संस्थेची जशीच्या तशी उचललेली असते. दुसऱ्या वर्षी हिशेबावरून दोघांचं वाजतं आणि लेटरहेडचा गठ्ठा माळ्यावर जातो.

अशा एका गठ्ठ्याचा मीही धनी आहे. दुसऱ्यांदा जमलं, तेव्हा कागद तेच होते, फक्त क्रम बदलला होता. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कुणी अशी संस्था उभी करणार असेल तर तो क्रम असा.

## टप्पा १: एक जागा, एक प्रश्न

"शहराचा शाश्वत विकास" हे भाषणाला ठीक. कामाला हाताने दाखवता येईल अशी जागा लागते: अमुक गल्लीतली बुजलेली विहीर, अमुक चौकातला कचऱ्याचा ढीग, बळ्ळारी नाल्याचा तुमच्या शेतालगतचा तुकडा. पहिल्या वर्षाला एकच.

निवडताना वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. हा त्रास किती घरांना होतो? आपण दहा-पंधरा जण आठवड्यातले चार तास देऊन त्यात फरक पाडू शकतो का? आणि फरक पडला हे सहा महिन्यांनी कशावरून दाखवणार? तिसऱ्याचं उत्तर आकड्यात येत नसेल तर विषय बदला. अख्खा बळ्ळारी नाला रुंद करणं हे सरकारचं आणि कोट्यवधींचं काम आहे. पण शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात पावसाळ्यात कुठल्या दिवशी, कुठल्या बांधापर्यंत पाणी चढलं याची तारीखवार नोंद आणि फोटो ठेवणं तुमच्या हातातलं आहे. अशी दोन वर्षांची नोंद हातात असली की अधिकाऱ्यासमोर बोलणं वेगळं होतं.

## टप्पा २: जागा कुणाची, ते आधी शोधा

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो.

बेळगावात एका रस्त्याच्या दोन बाजू दोन मालकांच्या असू शकतात. एकीकडे महानगरपालिका, पलीकडे कॅन्टोन्मेंट. नवीन ले-आउट असेल तर ते बुडाकडून (शहर विकास प्राधिकरणाकडून) पालिकेकडे आलं आहे की अजून नाही, हे पाहावं लागतं. तलाव पालिकेचा, ग्रामपंचायतीचा, लघु पाटबंधारे खात्याचा किंवा वन खात्याचा असू शकतो. विहीर देवस्थानची किंवा एखाद्या घराण्याची असते, आणि "पूर्वीपासून सगळे पाणी भरतात" एवढ्यावर ती सार्वजनिक होत नाही.

शहरात सिटी सर्व्हे ऑफिसमधून सी.टी.एस. (सिटी सर्व्हे) क्रमांकावर प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढा. खेड्यात आर.टी.सी. उतारा (महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखा) काढा, तो 'भूमी' या सरकारी पोर्टलवर मिळतो. उताऱ्यावरचं नाव आणि प्रत्यक्ष ताबा यांत फरक असेल तर तलाठ्याकडून समजून घ्या. त्यानंतर कुणाला पत्र लिहायचं ते कळतं: शहरात पालिका कमिशनर, गावात पी.डी.ओ. (पंचायत विकास अधिकारी), खानापुरात पट्टण पंचायतीचे मुख्य अधिकारी, निपाणीत नगरपालिकेचे कमिशनर. महाराष्ट्रातल्या संस्थांचे नमुने उतरवताना "मा. जिल्हाधिकारी" तसंच राहतं. इथे डी.सी. (डेप्युटी कमिशनर) आणि ए.सी. (असिस्टंट कमिशनर) असतात. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की महिना जातो.

सावधान: खासगी जागेतल्या विहिरीचा गाळ मालकाच्या लेखी संमतीशिवाय काढू नका. तोंडी "काढा की" म्हणणारे आजोबा गेले की नातू पोलिसात जातो.

तपासा: उतारा, मालकाचं पत्र आणि आजच्या तारखेचे फोटो फाइलला लागले? नसतील तर टप्पा ३ सुरू करू नका.

## टप्पा ३: नोंदणीशिवाय एक हंगाम

लोक घाई करतात ती इथे. "आधी रजिस्टर करू, मग काम." माझं मत उलट आहे. चार-सहा महिने संस्था नसताना काम करा. कोण रविवारी सकाळी सात वाजता येतो आणि कोण फक्त फोटोला येतो हे कळायला दुसरा उपाय नाही.

बेळगावात सुरुवात करायला गल्ली ही उत्तम जागा आहे, कारण गल्लीला पंच असतात, गणेशोत्सव मंडळ असतं, कधी तालीमही असते. पंचांना डावलून काम सुरू केलंत तर ते विरोध करणार नाहीत, फक्त गप्प बसतील, आणि तेवढं काम बुडायला पुरेसं आहे. आधी पंचांच्या बैठकीला जा, पाच मिनिटांत सांगा, त्यांच्यातला एक जण बरोबर घ्या.

ओल्या कचऱ्याचं खत हे पहिल्या हंगामासाठी सोपं काम म्हणून सगळे निवडतात, आणि त्यातच फसतात. म्हणून ते जरा खोलात.

एका घरातून रोज साधारण अर्धा किलो ओला कचरा निघतो असं धरा. ४० घरं म्हणजे रोज २० किलो. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल असा विटांचा जाळीदार हौद भरायला तीनेक आठवडे लागतात आणि भरल्यावर मुरायला दीड-दोन महिने. म्हणजे एक हौद बांधून भागत नाही. पहिला भरला की कचरा टाकायला जागा नसते, तो बाजूला साचतो, वास सुटतो, शेजारी भांडतात आणि प्रयोग संपतो. ४० घरांना चार हौद लागतात. तेवढी जागा नसेल तर घरं कमी करा.

एक बादली ओल्या कचऱ्यावर एक बादली सुकं: वाळला पाला, सॉ मिलचा भुसा, गुऱ्हाळावरचं बारीक केलेलं चिपाड. वास आला तर सुकं कमी पडलंय. मुंग्या झाल्या तर पाणी कमी पडलंय. जूनपासून सुका पाला मिळत नाही, म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत पोती भरून ठेवा. आपल्याकडचा पाऊस उघड्या हौदाचा दोन दिवसांत चिखल करतो, तेव्हा वर पत्रा हवाच, आणि तो मे महिन्यातच.

विहिरीचं काम निवडलं असेल तर एक गोष्ट सक्तीची. वर्षानुवर्षं बंद विहिरीत तळाशी विषारी वायू साचतो किंवा प्राणवायू उरत नाही. कंदील खाली सोडून पाहणं पुरेसं नाही, काही वायूंमध्ये ज्योत पेटतीच राहते. गाळ काढणाऱ्या अनुभवी माणसांना बोलवा, आधी पंपाने हवा खेळवा, दोर आणि वर दोन माणसं ठेवा. "आमची पोरं उतरतील की" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. गाळ काढल्यावर पाणी स्वच्छ दिसलं तरी तपासणी झाल्याशिवाय पिण्यासाठी खुलं करू नका.

या हंगामात पैसे गोळा करू नका. वस्तू घ्या: कुणी विटा द्याव्या, कुणी पत्रा, कुणी टेम्पो. नोंद वहीत, देणाऱ्याच्या सहीसह. आम्ही पहिल्या खेपेला एका मित्राच्या खात्यावर वर्गणी जमवली. माणूस चोख होता. पण त्याच खात्यावर त्याच्या दुकानाचे पैसे येत-जात होते, आणि वर्षाअखेरीस कुठला रुपया कुणाचा हे त्यालाही सांगता येईना. मैत्री टिकली, संस्था टिकली नाही.

तपासा: हंगामाच्या शेवटी हजेरीची वही उघडा. निम्म्याहून जास्त रविवारी आलेली सात माणसं सापडतात का? सापडली तर पुढे चला. पाचच सापडली तर आणखी एक हंगाम.

## टप्पा ४: सात जण

कर्नाटक संस्था नोंदणी अधिनियम, १९६० खाली किमान सात जण लागतात. सात सह्या मिळवणं अवघड नाही, म्हणूनच लोक चुकतात: नवरा-बायको, भाऊ, मेहुणा, दुकानातला पोऱ्या. पुढे बँक, आयकर आणि देणगीदार हेच विचारतात की कार्यकारिणीत एकाच घरातले किती. शक्यतो एका घरातून एकच.

सातांमध्ये मी तीन गुण शोधतो. एकाला हिशेब लिहायचा कंटाळा नसावा. एकाला कन्नड सफाईने लिहिता-वाचता यावं, बोलता येणं पुरत नाही. आणि किमान दोन बायका असाव्यात, त्याही नावापुरत्या नव्हे. कचरा आणि पाणी हे विषय घरात कुणाच्या हातात आहेत हे सांगायला नको, तरी बैठका रात्री नऊला ठेवतात आणि "बायका येत नाहीत" म्हणतात.

आता नाजूक भाग. सीमाभागात चार मराठी माणसं जमली की सीमाप्रश्न निघतोच, निघू द्या. पण संस्थेच्या घटनेत, ठरावात, लेटरहेडवर, व्यासपीठावर तो नको, आणि कुठल्या पक्षाचा किंवा संघटनेचा पदाधिकारी अध्यक्षपदी नको. तलावाकाठी कन्नड घरंही आहेत, उर्दू बोलणारीही. त्यांच्याशिवाय तलाव स्वच्छ राहणार नाही. ज्याला दोन्ही कामं करायची त्याने ती दोन ठिकाणी करावी.

## टप्पा ५: सोसायटी म्हणजे कोणती?

बेळगावात "सोसायटी" म्हटलं की पतसंस्था. मल्टिपर्पज सोसायटी, सौहार्द (वेगळ्या कायद्याखालची सहकारी संस्था), ठेव, कर्ज. तुम्ही "सोसायटी काढतोय" म्हणालात की पहिला प्रश्न येतो: व्याज किती देणार? हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे दोन्ही प्रकारांचं काम सहकार खात्याकडेच असतं, आणि चुकीच्या कायद्याखाली अर्ज भरलेले लोक मी पाहिले आहेत.

सहकारी संस्था १९५९ च्या कायद्याखाली, सौहार्द १९९७ च्या. ते तुमचे नव्हेत. तुमचा १९६० चा. अर्ज जिल्हा संस्था निबंधकांकडे जातो. महाराष्ट्रातल्यासारखं "१८६० चा कायदा, मग धर्मादाय आयुक्त" हे इथे लागू नाही. उसन्या घटनेत धर्मादाय आयुक्तांचा उल्लेख राहिला तर तिथेच अर्ज अडतो.

दुसरे दोन मार्ग आहेत. सार्वजनिक न्यास: दोन-तीन विश्वस्त, सब-रजिस्ट्रारकडे दस्त, काम झटपट, पण सभासदांना मत नाही. एखाद्या कुटुंबाला जागा किंवा ठेव कायमची द्यायची असेल तर हा बरा. कंपनी कायद्यातल्या कलम ८ खालची कंपनी: दोन संचालकांवर होते, मोठे देणगीदार तिला मानतात, पण दरवर्षीचे कागद आणि व्यावसायिकाची फी लहान गटाला झेपत नाही. गल्ली, वॉर्ड, तलाव अशा कामाला १९६० ची संस्थाच.

## टप्पा ६: घटना लिहिणं

यासाठी तीन संध्याकाळी ठेवा. एका बैठकीत संपवू नका.

नाव. तीन पर्याय द्या. सरकारी खात्याचा किंवा पालिकेचा भास होईल असे शब्द टाळा. "स्मार्ट सिटी" तर नकोच.

कार्यक्षेत्र. "शहापूर" लिहिलंत तर उद्या खानापुरात झाड लावताना अडचण. "बेळगाव जिल्हा" लिहा.

उद्देश. सगळ्यात महागात पडणारी चूक इथली. लोक शिक्षण, आरोग्य, क्रीडा, सामुदायिक विवाह, व्यसनमुक्ती सगळं कोंबतात, "असू दे, उद्या लागेल" म्हणून. आयकराच्या व्याख्येत पर्यावरणाचं जतन (पाणलोट, वने व वन्यजीव यांसह) हा स्वतंत्र धर्मादाय हेतू आहे. त्याऐवजी "समाजोपयोगी सर्व कामे" असं मोघम लिहिलं की तुम्ही सर्वसाधारण सार्वजनिक उपयुक्ततेच्या वर्गात पडता, आणि तिथे व्यापारासारख्या कामातून येणारी रक्कम एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली की सवलत अडचणीत येते. तुम्ही पुढे खत विकणार, रोपं विकणार. तेव्हा पर्यावरणाचं कलम पहिलं आणि स्पष्ट लिहा, पाणी आणि कचरा त्याच्या पोटात घ्या. विक्रीचे वेगळे हिशेब तरीही ठेवावे लागतातच. १९६० च्या कायद्यातही जमीन, पाणी, वीज, वने यांचं जतन आणि योग्य वापर हा नोंदणीला चालणारा हेतू आहे, त्यामुळे निबंधकांकडेही हीच भाषा चालते.

सभासदत्व. वर्ग दोनच, साधारण आणि आजीव. वर्गणी किती, ती थकल्यावर मत कधी जातं, सभासद कसा काढायचा, हे लिहा. भांडण झाल्यावर हेच कलम शोधलं जातं.

सभा. नोटीस किती दिवस आधी, ती कशी द्यायची, गणसंख्या किती. गणसंख्या निम्मी ठेवू नका. शंभर सभासदांपैकी पन्नास जण रविवारी येत नाहीत आणि सभा दरवेळी तहकूब होते.

मुदत आणि निवडणूक. कार्यकारिणीची मुदत तीन वर्षं ठीक. "संस्थापक अध्यक्ष तहहयात" असं कलम घालू नका. निवडणूक वेळेत झाली नाही तर सरकार प्रशासक नेमू शकतं, तशी कायद्यात तरतूद आहे.

पैसा. बँकेवर तिघांपैकी दोघांच्या सह्या, त्यात खजिनदार सक्तीचा. नफा सभासदांत वाटला जाणार नाही. संस्था बंद झाली तर मालमत्ता सभासदांना न मिळता तशाच हेतूच्या दुसऱ्या संस्थेला जाईल. ही शेवटची दोन वाक्यं नसली तर आयकराचं काम तिथेच थांबतं.

भाषा. निबंधकांकडे काम कन्नड-इंग्रजीत चालतं, म्हणून दाखल करायची प्रत त्यांपैकी एका भाषेत. पण तिचं मराठी भाषांतर पहिल्या सभेत पूर्ण वाचून दाखवा आणि तसं इतिवृत्तात लिहा. ज्या घटनेवर सह्या केल्या ती सातांपैकी चौघांना कळलीच नव्हती, असं एका संस्थेत पाहिलं आहे. खजिनदाराला काढायची वेळ आली तेव्हा घटनेत काय आहे ते वकिलाकडून समजून घ्यावं लागलं.

तपासा: प्रतीत "महाराष्ट्र", "धर्मादाय आयुक्त", "१८६०", "जिल्हाधिकारी" हे शब्द शोधा. एकही सापडला तर उसनवारी उरली आहे.

## टप्पा ७: अर्ज

या टप्प्याची भीती जास्त, काम कमी. सातांची आधार आणि पॅन, फोटो, पत्ता आणि व्यवसाय. कार्यालयाच्या जागेसाठी मालकाचं ना-हरकत पत्र आणि ताजी घरपट्टी पावती किंवा हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) बिल. उद्देशपत्रिका आणि नियमावली, सातांच्या सह्या आणि साक्षीदार. सहकार खात्याच्या पोर्टलवर अर्ज भरता येतो. फी त्या दिवशीची पाहून भरा.

आधारवरचं नाव, पॅनवरचं नाव आणि सहीचं नाव एकच असू द्या. मराठी-कन्नड-इंग्रजी लिप्यंतरात "पाटील" कधी आय आणि कधी डबल ई घेऊन येतो, आणि एका अक्षरासाठी दोन फेऱ्या होतात.

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की जिल्ह्यातले अधिकारी जागेवर सापडत नाहीत. १ नोव्हेंबरच्या (राज्योत्सव आणि काळा दिन) आगेमागे सार्वजनिक कार्यक्रमाची परवानगी मागू नका. जानेवारी ते मे हा कागदांसाठी उत्तम काळ.

प्रमाणपत्र हातात आल्यावर बोर्ड करायची घाई होते. कर्नाटकात आस्थापनांच्या फलकावर ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये, वरच्या अर्ध्या भागात असा नियम आहे. त्याप्रमाणे एकदाच करा, खाली मराठी हवी तेवढी ठळक घ्या. बोर्डावरून वर्ष घालवलेल्या संस्थेकडे झाडांना पाणी घालायला वेळ उरत नाही.

## टप्पा ८: पॅन, बँक, आयकर

क्रम मोडू नका: आधी संस्थेचं पॅन, मग बँक खातं, मग नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंद, मग आयकर नोंदणी.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू आहे, त्यामुळे कलमांचे आकडे बदलले. खाली सगळ्यांच्या तोंडात बसलेली जुनी नावं वापरतो, सी.ए.ना ती कळतात.

"१२ए" म्हणजे संस्थेच्या उत्पन्नावर कर लागू नये म्हणून. "८०जी" म्हणजे देणाऱ्याला त्याच्या करात सवलत मिळावी म्हणून. दोन्ही वेगळ्या, दोन्ही मागाव्या लागतात. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. आणि इथेच ती चूक होते, जी मी वारंवार पाहतो: प्रमाणपत्रावर तीन वर्षं वाचून लोक निवांत होतात. नियमित नोंदणीचा अर्ज काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत किंवा तात्पुरती मुदत संपण्याच्या सहा महिने आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा करायचा असतो. काम तर तुम्ही लगेच सुरू करता. तेव्हा तारीख सी.ए.कडून लिहून घ्या आणि भिंतीवर लावा.

सावधान: रोख देणगी २,००० रुपयांच्या वर असेल तर देणाऱ्याला ८०जीची सवलत मिळत नाही. गणपतीच्या पावतीची सवय इथे चालत नाही. पावतीपुस्तक क्रमांकाचं हवं, देणाऱ्याचं नाव-पत्ता-पॅन हवं.

## टप्पा ९: पैसा कुठून

पहिल्या वर्षी सभासदांकडूनच. शंभर जण, प्रत्येकी ५०० रुपये, म्हणजे ५०,००० रुपये. चार हौद, पत्रा आणि अवजारं यांसाठी एवढे बहुधा पुरतात. शंभर सभासद मिळत नसतील तर अडचण पैशाची नसून माणसांची आहे, टप्पा ३ कडे परत जा.

कंपन्यांचा सी.एस.आर. (सामाजिक जबाबदारीचा) निधी सगळ्यांच्या डोक्यात असतो. त्यासाठी कंपनी खात्याकडे वेगळी नोंदणी, १२ए-८०जी आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा इतिहास लागतो. म्हणजे आज मागायला जाऊ नका, पण आजपासून फोटो, हजेरी आणि किलोचे आकडे जपून ठेवा, तीन वर्षांनी हाच तुमचा इतिहास.

परदेशातला पैसा हा आपल्या भागात खरा धोका आहे, कारण प्रत्येक गल्लीतला कुणी ना कुणी आखातात किंवा युरोपात आहे. एफ.सी.आर.ए. (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणीशिवाय परकीय देणगी घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय धरली जात नाही. पण ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, तो, ओ.सी.आय. (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी, परकीय. गोव्याला सोयरीक असलेल्यांना पोर्तुगीज पासपोर्ट काय ते सांगायला नको. पाहुण्याने प्रेमाने पाठवलेले पाच हजार संस्थेला अडचणीत आणू शकतात. पैसे यायच्या आधी पासपोर्ट विचारा, अवघड वाटलं तरी.

## टप्पा १०: पालिकेशी व्यवहार

पत्र एका विषयाचं, एका पानाचं, कन्नडमध्ये, सोबत फोटो आणि नकाशा. मराठीत निवेदन द्यायचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिला आहे, तो नाकारला तर भांडावं. पण उद्या सकाळी गाडी यायला हवी असेल तर हेल्थ इन्स्पेक्टर जी भाषा वाचतो त्या भाषेत लिहिलेलं पत्र लवकर हलतं, हा माझा अनुभव. दोन्ही प्रती जोडल्या तर उत्तमच. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. कर्नाटकात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत लिहावा लागतो. महाराष्ट्रातला लांबलचक नमुना वापरलात तर तेवढ्यावरच परत येतो. "काय कारवाई केली?" असं विचारू नका. "अमुक तारखेच्या पत्रावरील टिपणीची प्रत द्या" असं मागा. कागद मागितला की कागद मिळतो.

कर्नाटकच्या महानगरपालिका कायद्यात वॉर्ड समितीची तरतूद आहे. बेळगावात ५८ वॉर्ड आहेत. तुमच्या वॉर्डात समिती बसते का, तिच्यावर कोण आहे, हे नगरसेवकाला भेटून विचारा. रागाने नको, तो पुढची पाच वर्षं तुमच्या फाइलीच्या वाटेवर उभा असतो.

## टप्पा ११: दरवर्षी

३१ मार्चला हिशेब बंद, मग लेखापरीक्षण, मग वार्षिक सर्वसाधारण सभा. सभेनंतर १४ दिवसांत कार्यकारिणीची यादी आणि तपासलेला ताळेबंद निबंधकांकडे. सभा नीट होते, चहा-चिवडा होतो, गटफोटो होतो, आणि हे १४ दिवस निघून जातात. दोन-तीन वर्षं असंच गेलं की अनुदानाच्या वेळी निबंधकांकडे धावपळ आणि दंड. आयकर विवरण आणि ८०जी देणग्यांची यादी यांच्या तारखा वेगळ्या आहेत. यादी ३१ मेपर्यंत भरली नाही तर देणगीदाराला प्रमाणपत्र देता येत नाही, आणि तो पुढच्या वर्षी फोन उचलत नाही.

इतिवृत्ताची वही बांधलेली, पानांवर क्रमांक घातलेली. सुटे कागद नकोत. प्रत्येक सभेनंतर तिथेच सह्या, "उद्या घेतो" नाही. निबंधकांच्या पोचेची एक प्रत सचिवाच्या घरी आणि एक खजिनदाराच्या घरी ठेवा. आमच्याकडे सगळ्या फायली एकाच तळघरात होत्या, आणि पुरात पाण्याने पहिली गाठली ती नेमकी नाल्याच्या नोंदींची.